नमुन्याचा मेंदू

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला, जेवण वेळेवर होतं (माझ्या वेळेवर, तुझ्या नव्हे) आणि तू दिलेलं रोपटं माझ्या हाती पडूनही अजून जिवंत आहे. तुझे ठरलेले प्रश्न इथे संपले. आता मुद्द्यावर येते.

तुझं पत्र दुपारी मिळालं आणि ते मी प्रयोगशाळेच्या जिन्यातच उभी राहून वाचलं. सर्जन ऑपरेशनला हो म्हणाले. एवढंच वाक्य मी तीनदा वाचलं असेल. लहानसा तुकडा काढायचा, बोलण्याचालण्याला धोका नाही, आणि फिट थांबायची शक्यता चांगली. पुढच्या महिन्याची तारीखही मिळाली. सातवीत असताना शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा फिट आली तेव्हापासून तुझी ही भिंगरी आपल्याला ज्याची वाट पाहायला लावते आहे ते हेच. आमच्या खोलीत जाऊन सांगितलं तर सगळ्यांनी टेबलं वाजवली. कासव नुसता हसला. कासव म्हणजे आमचा तो सहकारी, सगळं सावकाश करणारा, ज्याने भिंगरीच्या स्कॅनचं काम चालवलं.

फोनवर तिच्याबद्दल मोकळं बोलता येत नाही हे तुझं म्हणणं पटतं. भिंगरीला एकटं सोडायचं नाही म्हणून ती कायम तुझ्या हाताच्या अंतरावर, आणि कान असे की दोन खोल्यांपलीकडचा सुस्काराही ऐकेल. त्यामुळे तू कामाला असतेस त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहायची तुझी युक्ती मला आवडली. दुकानवाल्या काकांना सांग, तुमच्याकडे येणारी ही जाड पाकिटं प्रेमपत्रं नाहीत, उगाच तर्क करू नयेत.

भिंगरी म्हणते की ऑपरेशननंतर पहिलं काम म्हणजे न्हाणीघराला आतून कडी लावून तासभर बसायचं. तू हसण्यावारी नेलंस, पण मला ते वाचून भरून आलं. भावजींनी ती कडी काढून टाकली तेव्हा ती केवढीशी होती. एकोणीस वर्षांच्या मुलीला दार ढकलून कुणी आत येईल या धास्तीने अंघोळ करावी लागते, आणि तरी ती आत गाणी म्हणते. मी तिच्या जागी असते तर घरादाराला खायला उठले असते.

तू विचारलंस की मी नक्की करते काय, दुकानात येणाऱ्यांना सांगता येईल असं सांग. नमनाला घडाभर तेल झालं आहेच, तर आता तेही ऐक.

मोठ्या यंत्रात भिंगरीचं स्कॅन काढलं, आठवतं? त्यावरून तिच्या मेंदूचा नकाशा करतात. कुठला भाग कुठल्या भागाला जोडलेला आहे, रस्ता रुंद आहे की अरुंद, असा. मग संगणकात त्या नकाशावर एक लटका मेंदू चालवायचा. फिट कुठून सुरू होते याचा अंदाज डॉक्टरांनी आधीच बांधलेला असतो. त्या जागी लटकी फिट सुरू करायची आणि ती कुठवर पसरते ते पाहायचं. मग तो तुकडा संगणकातच कापायचा आणि पुन्हा पाहायचं. तिथे कापलेलं कुणाला दुखत नाही, हा त्यातला फायदा.

पण हे सगळं चालवणारी सॉफ्टवेअरं महानखरेल. एकाला हीच आवृत्ती हवी, दुसऱ्याला तीच नको. इथल्या मशीनवर चालतं ते हॉस्पिटलच्या मशीनवर चालत नाही, आणि चाललंच तर उत्तर वेगळं देतं. म्हणून लागेल ते सगळं, बारीकसारीक गोष्टींसकट, एकाच बंद खोक्यात भरून पाठवायचं. त्याला कंटेनर म्हणतात. आम्ही डबाच म्हणतो. हॉस्पिटलने फक्त डबा उघडायचा आणि रुग्णाचा फोल्डर बाहेरून जोडायचा. डबे भरणं आणि ते कुठेही एकसारखे चालतील असं पाहणं, हे माझं काम. सुगरण नसूनही आयुष्यभर डबे भरते आहे, असं तू म्हणणार. म्हण.

डबा नीट भरला आहे का हे तपासायला आत एक नमुन्याचा मेंदूही ठेवावा लागतो. तो कुणाचा असावा यावर मागे बरीच चर्चा झाली. रुग्णांचा वापरता येत नाही, आणि बाहेरून आणायचा तर परवानग्यांचे कागद. शेवटी मीच म्हटलं, माझा घ्या, तसाही फार वापरात नाही. त्या नळकांड्यात पडून राहिले, झोपही लागली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक डब्यात मी आहे. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणतात, हिचं डोकं सगळीकडे चालतं.

भिंगरीच्या नकाशाचं चित्र मात्र मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे नियम आहे की घरच्या माणसाचा फोल्डर उघडायचा नाही. घरचं असलं की डोळ्याला हवं तेच दिसतं. म्हणून ते कासवाने चालवलं, आणि मी त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसले. आता सर्जनांनी ते रंगीत छापून दिलं आहे आणि भिंगरीने फ्रिजवर लावलं आहे म्हणतेस, तर शनिवारी येतेच आहे, तेव्हा बघेन.

तिला माझा गालगुच्चा. तिला आवडत नाही, म्हणूनच.

तुझी,
धाकटी

१७ मार्च

प्रिय ताई,

रविवारी मी चहासुद्धा न घेता पहिल्या बसने निघाले म्हणून तू रागावली असणार. तू गॅसपाशी पाठ करून उभी होतीस आणि पाठीवरूनच मला ते कळलं. ऑफिसचं काम निघालं हे मी सांगितलं ते खोटं नव्हतं. काम निघालंच होतं.

प्रवास ठीक झाला. शेजारी एक गृहस्थ होते, ते माझ्या खांद्यावर झोपले आणि उतरताना आभारही न मानता गेले. रोपट्याला नवं पान आलं आहे. खालच्या मजल्यावरच्या आजींनी नवा रेडिओ घेतला आहे आणि त्यावरच्या बातम्या आता आमच्या सबंध इमारतीला समजतात.

शनिवारची संध्याकाळ फार छान गेली, हे मुद्दाम सांगते. भिंगरीने सर्जनांची नक्कल केली, मग त्यांच्या दाराशी बसणाऱ्या त्या तुटक बोलणाऱ्या बाईंची, आणि मग माझी. मी बोलताना मध्येच थांबून "म्हणजे तसं नाही" म्हणते हे मला आजवर माहीतच नव्हतं. भावजी हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. ती बोलायला लागली की घरात चार माणसं जास्त आल्यासारखी वाटतात. हे मी आधीही म्हटलं असेन, पण पुन्हा म्हणावंसं वाटलं.

आता थोडं किरकोळ. दुकानातून लांबची रजा मागणार होतीस ती इतक्यात मागू नकोस. काका चांगले आहेत, ऐनवेळीही देतील. भिंगरी पोहण्याच्या वर्गात नाव घालायचं म्हणत होती, तिलाही म्हणावं जरा थांब. तारीख थोडी पुढे जाऊ शकते. ही यंत्रांची कामं असतात, एखादी गोष्ट पुन्हा पाहावी लागते. घाबरण्यासारखं काही असेल तर मी सांगेनच. आणि फ्रिजवरचं ते चित्र काढून कपाटात ठेव. फ्रिजच्या दाराला ओल असते, रंग उतरतील.

मी जेवते आहे. विचारू नकोस.

तुझी,
धाकटी

२४ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, पण पुरल्या. "फ्रिजच्या दाराला बाहेरून ओल कधीपासून लागायला लागली? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस." खाली सहीसुद्धा नाही.

बरं. भांडं पुढे करते. हे पत्र दुकानात उभ्याने वाचू नकोस. मागच्या खोलीत, तुझ्या त्या भिंगं घासायच्या यंत्रापाशी बस आणि मग वाच.

फ्रिजवरचं चित्र भिंगरीच्या मेंदूचं नाही. माझ्या मेंदूचं आहे.

त्या रविवारी सकाळी मी पाणी प्यायला उठले. शनिवारी सगळे एवढे हसत होतो की मी फ्रिजकडे नीट पाहिलंच नव्हतं. पेला भरला आणि समोर ते. रंगीत रेघांचा गोळा, डावीकडे मागे दाट झुपका, आणि पुढे उजवीकडे कपाळापाशी टकलासारखी मोकळी जागा. हे टक्कल मी दोन वर्षं रोज पाहते आहे, ताई. नवा डबा भरला की आधी त्यात मी हेच चालवून पाहते. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, तरी मी डोळे चोळून चोळून पाहिलं. वर भिंगरीचं नाव होतं, जन्मतारीख होती, हॉस्पिटलचा क्रमांक होता. आणि खाली मी होते. तेवढ्यात तू मागून आलीस आणि म्हणालीस, "बघ, डोक्याने अगदी तुझ्या वळणावर गेली आहे." तू कौतुकाने म्हणालीस. मी पेला खाली ठेवला आणि पिशवी भरायला गेले.

झालं ते असं. हॉस्पिटलने रुग्णांचे सगळे फोल्डर जुन्या जागेवरून नव्या जागी हलवले. जुनी जागा मात्र तशीच राहिली, रिकामी. कासवाने डब्याला नेहमीप्रमाणे जुनीच जागा जोडली. आता रिकामा फोल्डर दिसला की डब्याने थांबायला हवं, ओरडायला हवं. पण आमचा डबा थांबत नाही. एकदा पाहुण्यांसमोर तो असाच अडून बसला होता, मोठ्या बाईंचं तोंड उतरलं होतं, म्हणून मी त्यात सोय केली होती की नकाशा सापडला नाही तर नमुन्यावर काम चालव, पण चालव. तसा निरोपही तो लिहून ठेवतो. पण तो इतर बारीक ओळींच्या गर्दीत एक ओळ म्हणून पडतो, आणि शेवटी सुंदर चित्र आलं की त्या ओळी कुणी वाचत नाही. चित्रावरचं नाव हॉस्पिटलच्या कागदावरून येतं, म्हणून ते भिंगरीचं. फिट जिथून सुरू होते ती जागाही तिचीच घेतलेली. फक्त रस्ते माझे.

म्हणजे भिंगरीची फिट माझ्या डोक्यात पेटवली, आणि माझं डोकं त्यातून सहज बाहेर आलं. लहानसा तुकडा कापला की सगळं शांत. ज्या बातमीवर आमच्या खोलीत टेबलं वाजली ती ही बातमी.

सोमवारी सकाळी मी आधी कासवाला सांगितलं, मग मोठ्या बाईंना, आणि तासाभरात आम्ही तिघं सर्जनांच्या समोर होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आत्ता कळलं हे बरं झालं." त्यांनी तारीख लगेच रद्द केली आणि घरी कळवतो म्हणाले. मी म्हटलं, खरा नकाशा चालवून उत्तर येईपर्यंत थांबा, आणि घरी मी कळवते. माझ्यावर विश्वास ठेवून ते थांबले, आणि मी तुला खालच्या आजींच्या रेडिओबद्दल लिहिलं.

आता खरं उत्तर. पुन्हा कासवानेच चालवलं, पण या वेळी मोठ्या बाई शेजारी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचत होत्या. नियम नियमच, मी याही वेळी आत नव्हते, मला नंतर सांगितलं. भिंगरीच्या मेंदूत त्या जागेपासून आणखी एक रस्ता निघतो, रुंद, आणि तो बोलण्याच्या भागाच्या अगदी कडेने जातो. माझ्या डोक्यात तो रस्ता नसल्यासारखाच आहे. ठरलेला लहान तुकडा कापला तर तिची फिट त्या दुसऱ्या रस्त्याने जाते. म्हणजे डोकं उघडून, टाके पडून, पोरीने सगळं सोसून फिट चालूच राहिली असती. आणि तो रस्ताही तोडायचा म्हटलं तर बोलण्याला धक्का लागू शकतो. किती, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शब्द अडतील, की थोडे दिवस अडून सुटतील, की तसेच राहतील.

सर्जन म्हणतात, संगणकातला रस्ता हाही शेवटी अंदाज. खरा आहे का ते पाहायला डोक्याच्या आत बारीक तारा सोडून काही दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागेल. मग ठरवता येईल की मोठं ऑपरेशन करायचं, की औषधांवरच पुढे जायचं. तारा घालायच्या की नाही हेसुद्धा आधी तिने ठरवायचं. त्यांनी कसलंही वचन दिलं नाही. मला ते आवडलं आणि त्यांचा रागही आला.

आमचा डबा आता बदलला आहे. फोल्डर रिकामा दिसला की तो जागीच थांबतो आणि पडदाभर लाल अक्षरांत सांगतो. पाहुणे आले तरी. आधीच्या रुग्णांचं सगळं काम आम्ही एकेक करून पुन्हा तपासलं. फोल्डर हलवल्यानंतरची पहिली रुग्ण भिंगरीच होती, बाकी सगळ्यांचं बरोबर आहे. हे ऐकून तुला काही वाटणार नाही, मला माहीत आहे. कासव तुम्हाला भेटायला येऊ का म्हणून रोज विचारतो. रोज तेच शब्द, तोच आवाज. तो फार चांगला माणूस आहे, ताई. तुझ्या तोफेच्या तोंडी त्याला देऊ नकोस, मी आहे.

तुला एक सांगायचं राहतं, आणि ते मला सगळ्यात जड जातं आहे. त्या सकाळी फ्रिजसमोर, एक घोट पाणी घशाखाली उतरेपर्यंत, मला वाटलं होतं की मी हे पाहिलंच नाही असं धरावं. आत भिंगरी न्हाणीघरात गात होती, दार नुसतं लोटलेलं. तू इतक्या वर्षांत पहिल्यांदा केस विंचरून, नीट आवरून स्वयंपाकघरात आली होतीस. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या एका वाक्याने जाणार होतं. म्हणून मी बसस्टॉपवर पळाले, आणि म्हणून ओलीच्या गोष्टी लिहिल्या. तुझी आशा माझ्या हाताने काढून घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती. दुसरं काही कारण नाही.

हवं ते बोल मला. फोन कर, भिंगरी ऐकत असली तरी कर. तिला तू सांग, नाहीतर मी येऊन सांगते. फक्त एक मागणं आहे. पुढचं आपण दोघींनी मिळून तिच्या वतीने ठरवू नये. मोठ्या बहिणी आणि मावश्या मिळून ठरवायला लागल्या की काय होतं ते मी तिच्या वयाची असताना माझ्याच बाबतीत पाहिलं आहे, आणि तूही.

तुझीच, तू काहीही म्हणालीस तरी,
धाकटी

५ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर उलट टपाली परत कर, ठेवून घेईन.

हे पत्र तुझ्या नावाने, तुझ्या घरी येतं आहे. तुझा राग मी चारदा वाचला. आईने सांगितल्यावर तू दोन दिवस कुणाशी एक शब्द बोलली नाहीस हे आई मला फोनवर रडत सांगत होती. तुझ्या बाबतीत दोन दिवस म्हणजे मला तर पूर आल्यासारखी बातमी. पण तू ज्याच्यावर रागावलीस ते वाचून मी खजील झाले. चूक झाली म्हणून नाही, तारीख गेली म्हणूनही नाही. "माझ्या डोक्याबद्दलची पत्रं चष्म्याच्या दुकानात जात होती आणि माझं डोकं घरी होतं." तुझं बरोबर आहे. आम्हाला वाटत होतं तुला जपतो आहोत. खरं म्हणजे तुझ्यासमोर आमचे चेहरे सांभाळायची आमची तयारी नव्हती.

कासवाला तू लिहिलेली चिठ्ठी त्याने मला दाखवली. "तुमच्यामुळे मावशीचा मेंदू आमच्या घरी राहून गेला, पाहुणचार चांगला झाला." तो ती वाचून हसला, मग बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही. परत आला तेव्हा त्याने डोळे धुतलेले होते. तुझ्यात हा जो चांगुलपणा आहे तो कुठल्या रस्त्याने जातो ते आमच्या नकाशात दिसत नाही.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंस, "मावशी, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? आईसारखं 'तुझं तू बघ' म्हणू नकोस आणि डॉक्टरांसारखं 'शक्यता' म्हणू नकोस."

भिंगरी, मी तुझ्या जागी होते. आपल्या सगळ्या घरात तेवढं फक्त मलाच म्हणता येतं. तुझं नाव लावून, तुझी फिट डोक्यात घेऊन, मी तुमच्या फ्रिजवर होते, आणि मला काहीसुद्धा झालं नाही. मी हसत बाहेर आले. म्हणून माझ्या उत्तराला किंमत नाही. माझं डोकं म्हणेल, काप, त्यात काय आहे. त्याला तो दुसरा रस्ताच माहीत नाही.

तरी तू मला विचारलंस, तर जे वाटतं ते लिहिते. ते मोजून घे. मला तुझी बडबड हवी आहे. माझी नक्कल करताना तू जे मध्येच थांबतेस तेही हवं आहे. आणि तुझी फिट मला नको आहे. तुझ्या जिभेला चावा बसलेला, डोळे वर गेलेले, आणि नंतर ते तुझं ओशाळं "किती वेळ गेला?" हे मला पुन्हा कधी पाहायचं नाही. मला दोन्ही एकदम हवं आहे, आणि तेवढं कुणी देत नाही. म्हणून तारा घालून आधी पाहावं असं मला वाटतं. त्याचाही त्रास आहे, डोक्याला भोकं पडणार, हॉस्पिटलची गादी, बाजूला सदा कुणीतरी. पण त्यानंतर निदान हा रस्ता खरा आहे की आमच्या गणिताने काढलेला, ते तुला कळेल. त्याच्या पुढचं मला विचारू नकोस. मोठं ऑपरेशन नको म्हणालीस तर मी भांडणार नाही, हो म्हणालीस तरी नाही. तारा घालतानाच नको वाटलं तर तिथूनच घरी चल, मी पिशवी धरते. आणि शब्द अडायला लागले तर मी थांबेन. मला घाई नाही, कासवासोबत काम करते आहे.

तू परवानगी लिहून पाठवली आहेस, सही करून, खाली तारीख घालून. "माझा नकाशा मावशीने उघडावा, नियम गेला खड्ड्यात." मोठ्या बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, मुलगी सज्ञान आहे, तिने दिली तर मी अडवणार नाही. म्हणजे आता मला तो फोल्डर उघडता येतो. गेले चार दिवस मी त्याच्यासमोर बसते आणि उठते.

मी तो उघडला नाही. तू रागावशील, पण आधी ऐक. तुझ्या डोक्यात डॉक्टरांनी पाहिलं, कासवाने पाहिलं, मोठ्या बाईंनी पाहिलं. ज्याला सगळे तुझं म्हणत होते ते चित्र आईने पाहिलं, बाबांनी पाहिलं, शेजाऱ्यांनीसुद्धा चहा पिता पिता पाहिलं, आणि ते तुझं नव्हतं. तुझं खरं चित्र एकट्या तुलाच कुणी दाखवलेलं नाही. त्या रांगेत तुझ्या पुढे मला उभं राहायचं नाही.

म्हणून कासवाला ते छापायला सांगितलं, आणि छापून, घडी न घालता, पाकिटात घालून, चिकटवूनच माझ्या हातात द्यायला सांगितलं. सोबतचं मोठं पाकीट तेच. आत रेघांचा गोळा असेल. दाट कुठे, विरळ कुठे ते मला माहीत नाही. एक रस्ता त्यात असेल ज्याची आम्हा सगळ्यांना भीती वाटते, आणि बाकीचे कितीतरी असतील ज्यांवरून तू रोज ये-जा करतेस. न्हाणीघरात नेऊन बघ, गच्चीवर नेऊन बघ, नाहीतर बघूच नकोस आणि गादीखाली ठेव. आईने मागितलं तर दाखवायचं की नाही तेही तूच ठरव. आणि कधी वाटलंच, तर मला दाखव.

वर तुझं नाव आहे. या वेळी आतही तूच आहेस.

तू बोलावशील तेव्हा येणारी,
मावशी